इंग्लिश इडियमच्या उगमाची गोष्ट खरी की रचलेली, हे कसं ओळखायचं?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही दहावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना इंग्लिश शिकवता, इडियम नुसते पाठ करायला दिले की आठवड्याभरात विसरतात, मागची गोष्ट सांगितली की डोक्यात बसतात, पण यूट्यूब आणि व्हॉट्सॲपवर एकेका इडियमच्या तीन-तीन गोष्टी फिरतायत, मग खरी कोणती धरायची, आणि समजा खोटी सांगितली गेली तरी मुलांचं असं काय बिघडणार आहे? सोबत तुम्ही चार इडियम दिलेत, रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज, बाइट द बुलेट, द होल नाइन यार्ड्स आणि किक द बकेट.

मी भाषांतर आणि कोशाच्या कामात आयुष्य घालवलंय, मधून मधून शिकवलंही आहे, त्यामुळे आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण खरी अडचण तिथेच आहे. काय बिघडतं हे मुलाला त्या इडियमचं करायचं काय यावर आहे. पाचवीतल्या पोराला मजा म्हणून सांगताय, तर सांगा की, काही बिघडत नाही. चार पर्यायांतून अर्थ निवडायचाय, स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल या सरकारी नोकरीच्या परीक्षेला येतात तसे, तर तिथेही बहुतेक वेळा भागून जातं. पण त्याला ते इडियम स्वतःच्या वाक्यात वापरायचं असेल, पत्रात, इंटरव्ह्यूत, ऑफिसच्या मेलमध्ये, तर मग गोष्ट खरी लागते. कारण खऱ्या गोष्टीत ते इडियम कोणी कोणाला आणि कुठल्या वेळी म्हणायचं हेही येतं, आणि रचलेल्या गोष्टीत फक्त करमणूक असते.

उदाहरण म्हणून रीड द रायट ॲक्ट घ्या. गाइडमध्ये अर्थ दिलेला असतो 'रागावणे, खडसावणे', झालं. आता खरा प्रकार बघा. रायट ॲक्ट हा ब्रिटिश पार्लमेंटने केलेला खराखुरा कायदा, १ ऑगस्ट १७१५ पासून लागू झालेला. बारा किंवा त्याहून जास्त माणसं दंगा करायला जमली की मॅजिस्ट्रेटने तिथे जाऊन कायद्यातला ठरलेला मजकूर मोठ्याने वाचायचा, की राजाच्या हुकमावरून ताबडतोब पांगा आणि मुकाट्याने आपापल्या घरी नाहीतर कामाला जा, आणि शेवटी गॉड सेव्ह द किंग म्हणायचं (हे शेवटचं वाक्य वाचायचं राहून गेलं म्हणून कोर्टात शिक्षा टिकली नाही असंही घडलेलं आहे). वाचल्यापासून तासाभरात लोक पांगले नाहीत तर तो मृत्युदंडाचा गुन्हा, आणि बळाने पांगवताना कोणी मेलं तर पांगवणाऱ्यावर जबाबदारी नाही. आता हे सगळं एकदा डोळ्यासमोर आलं की मुलाला आपोआप कळतं की हे म्हणणाऱ्याच्या हातात अधिकार पाहिजे, समोरचे लोक आधीच काहीतरी वावगं करत असले पाहिजेत आणि बोलण्यात 'आता थांबला नाहीत तर पुढे बघा' अशी तंबी पाहिजे. प्रिन्सिपलनी होस्टेलच्या मुलांना रायट ॲक्ट वाचला हे बरोबर. मी माझ्या बॉसला रायट ॲक्ट वाचला म्हणालात तर ऐकणारा हसेल. गाइडच्या 'खडसावणे'मध्ये यातलं काहीच नाही.

तसंच हॉब्सन्स चॉइस. आपल्याकडच्या इंग्लिश पेपरांतसुद्धा हे 'इकडे आड तिकडे विहीर' या अर्थाने सर्रास छापलेलं दिसतं, दोन वाईट पर्यायांमधला पेच म्हणून. पण टॉमस हॉब्सन हा केंब्रिजचा माणूस होता, १६३१ साली वारला, घोडे भाड्याने द्यायचा, गिऱ्हाइकं म्हणजे बरीचशी तिथली विद्यार्थी मंडळी. प्रत्येक जण तोच तगडा घोडा मागणार आणि त्या घोड्याचं मढं पडणार, म्हणून त्याने नियम केला की तबेल्याच्या दाराजवळ जो घोडा नंबरात उभा आहे तोच न्यायचा, नाहीतर चालत जा. म्हणजे पर्याय एकच, घ्यायचा तर घ्या नाहीतर सोडा. कवी मिल्टन तेव्हा केंब्रिजमध्येच शिकत होता, त्याने या हॉब्सनच्या मरणावर कविता लिहिल्यात, म्हणजे माणूस काल्पनिक नाही. ही गोष्ट माहीत असलेला मुलगा या इडियमचा अर्थ 'पेच' असा कधी लिहिणार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, खरी कोणती हे ओळखायचं कसं. मी सगळ्यात आधी तारीख बघतो. ते इडियम छापलेलं पहिल्यांदा कधी आणि कुठे सापडतं? ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्लिश डिक्शनरीत प्रत्येक नोंदीखाली हे वर्षासकट दिलेलं असतं, ती विकत घेणं आपल्याला परवडणारं नाही पण विद्यापीठाच्या लायब्ररीत मिळते, आणि घरबसल्या बघायचं तर एटिमऑनलाइन ही शब्दांच्या उगमाची वेबसाइट आहे, बोलीभाषेतले असतील तर ग्रीनची स्लँग डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, गूगल बुक्समध्ये वर्षं टाकून शोधता येतं. ती तारीख गोष्टीतल्या घटनेच्या आधीची निघाली की गोष्ट बाद. मूल १९०७ सालचं असेल तर बाप १९४२ सालचा कसा असेल?

आणि हे मी उगाच आकडे घेतलेले नाहीत, हे तुमच्या होल नाइन यार्ड्सचेच आहेत, म्हणजे 'सगळंच्या सगळं' म्हणायचं इडियम. याची सगळ्यात जास्त फिरणारी गोष्ट अशी की दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानाच्या मशिनगनचा काडतुसांचा पट्टा सत्तावीस फूट म्हणजे नऊ यार्डांचा असायचा आणि पायलटने सगळा पट्टा शत्रूवर रिकामा केला की तो म्हणायचा मी त्याला पूर्ण नऊ यार्ड दिले. ऐकायला झकास. कोणी सांगतं काँक्रीटच्या ट्रकमध्ये नऊ घनयार्ड माल मावायचा, कोणी सांगतं सुटाला किंवा स्कॉटिश किल्टला नऊ यार्ड कापड लागायचं, कोणी शिडाच्या जहाजाच्या आडव्या काठ्या मोजतं, तीन डोलकाठ्यांवर तीन-तीन. आणि आपल्याकडची आवृत्ती म्हणजे नऊवारी! पूर्ण नऊवार नेसलेली बाई म्हणजे द होल नाइन यार्ड्स, साहेबाने आपल्याकडून उचललं, हा मेसेज महिला दिनाला हमखास येतो.

आता पुरावा बघा. अमेरिकेत इंडियाना राज्यात मिचेल नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या स्थानिक पेपरात १९०७ साली बेसबॉलच्या मॅचच्या बातमीत 'फुल नाइन यार्ड्स' सापडतं, की गावची टीम व्यापारी मंडळींशी खेळणार आहे पण पूर्ण नऊ यार्ड होतील याची खात्री देता येत नाही, आणि पुढच्याच वर्षी त्याच पेपरात 'होल नाइन यार्ड्स'. मशिनगनचा पट्टा इथेच तुटला, काँक्रीटचा ट्रकही गेला. पण खरी मजा पुढे आहे. शेजारच्या केंटकी राज्यात १९१२ च्या सुमाराला पेपरात 'द होल सिक्स यार्ड्स' सापडतं, अर्थ तोच, सगळंच्या सगळं. म्हणजे सहा पण चालत होते आणि नऊ पण. (सहावारी आणि नऊवारी, बघा म्हटलं नव्हतं का, असं आता कोणीतरी लिहीलच, पण इंडियानाच्या खेड्यातल्या बेसबॉलवाल्यांनी लुगडं कुठे बघितलं असणार.) आकडा असा बदलत असेल तर तो कुठल्या एका वस्तूचं माप नसतो, आपण सतराशे साठ भानगडी म्हणतो तेव्हा कोणी मोजून सतराशे साठ भरवत नाही, तसला प्रकार. इंग्लिशमध्ये याच घरातली अजून भावंडं आहेत, द होल शिबँग, द होल बॉल ऑफ वॅक्स, सगळ्यांचा अर्थ 'सगळं' आणि एकाचाही हिशोब लागत नाही.

म्हणून तारखेनंतर मी ही भावंडंच बघतो. आय डोन्ट गिव्ह अ डॅमबद्दल आपल्याकडे अभिमानाने सांगतात की हा डॅम म्हणजे आपला दाम, मुघल काळातलं तांब्याचं नाणं, अकबराच्या वेळी चाळीस दामांचा एक रुपया, म्हणजे 'मला एका दमडीचीही पर्वा नाही'. ही कल्पना व्हॉट्सॲपवाल्यांची नाही बरं का, यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशातच ती आहे (या हॉब्सनचा वरच्या घोडेवाल्याशी काही संबंध नाही, ते नाव मोहरमच्या 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचं गोऱ्यांच्या कानांनी केलेलं भजं आहे). पण भावंडं बघितली तर इंग्लिशमध्ये आधीपासून 'एका शापाचीही पर्वा नाही', 'एका काडीचीही नाही', 'एका अंजिराचीही नाही' असं म्हणत होतेच, आणि डॅमचा साधा अर्थ शिव्याशापच आहे. शिवाय गोल्डस्मिथने अठराव्या शतकात 'तीन डॅम' असं लिहिलंय ते सरळ शाप या अर्थानेच वाचता येतं. मधे नाणं आणायची गरज काय? कोशकारांना दामाचा एकही पक्का लेखी पुरावा मिळालेला नाही.

याचा अर्थ आपल्याकडून काही गेलंच नाही असा नाही, आणि नाशिक भागात शिकवणाऱ्यांनी तर हे एक सांगितलंच पाहिजे. ब्रिटनमध्ये आजही वेडसर वागणाऱ्याला 'ही हॅज गॉन डूलॅली' म्हणतात. डूलॅली म्हणजे आपली देवळाली! नाशिकजवळ देवळालीला ब्रिटिश लष्कराचा मोठा कॅम्प होता, नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे ठेवायचे. बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटायच्या, एखाद्याची मुदत हंगाम संपल्यावर भरली की तो महिनोन्महिने तिथेच, काम नाही, कवायत नाही, ऊन, दारू आणि मलेरिया. माणसं सैरभैर व्हायची, विचित्र वागायची. त्याला शिपाई म्हणायचे 'डूलॅली टॅप', आणि हा टॅप नळाचा नाही आणि डोक्यावर मारलेल्या टपलीचाही नाही, तो चक्क आपला ताप. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा ब्रिटिश शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता, त्याने १९३६ साली छापलेल्या आठवणींत हे सगळं वर्णन केलंय. इथे बघा, गाव खरं, कॅम्प खरा, शिपायांच्या तोंडी शब्द होता याची साक्ष आहे आणि अर्थही बरोबर जुळतो. उगम सिद्ध झाला म्हणतात तो असा. आणि यावरून वापरही कळतो, हा शब्द हलकाफुलका आहे, थट्टेतला आहे, खऱ्या मानसिक आजाराबद्दल बोलताना तो वापरायचा नाही.

बाइट द बुलेट म्हणजे नकोसं असलं तरी मुकाट्याने सोसणं, त्याबद्दलही आपल्याकडे १८५७ आणतात. एन्फिल्ड रायफलचं काडतूस दाताने तोडावं लागायचं, त्याला गायीची आणि डुकराची चरबी लावल्याचा संशय, शिपायांनी ते चावायला नकार दिला, इतिहास म्हणून हे बरोबर. पण तिथे चावायचा होता तो काडतुसाचा कागद, गोळी नव्हे, आणि मुख्य म्हणजे त्या गोष्टीतला मुद्दा चावायला नकार देण्याचा आहे आणि इडियमचा मुद्दा गपगुमान चावण्याचा आहे, म्हणजे बरोब्बर उलटा. दुसरी गोष्ट भूल न देता केलेल्या ऑपरेशनची, ती सिनेमांमुळे सगळ्यांना पाठ आहे. मला जास्त वजनदार वाटतो तो पुरावा फ्रान्सिस ग्रोस यांच्या अठराव्या शतकाच्या शेवटच्या बाजारू इंग्लिशच्या कोशातला. त्यात 'नाइटिंगेल' अशी नोंद आहे, फटके खाताना ओरडणारा शिपाई म्हणजे नाइटिंगेल, गाणारा पक्षी. आणि पुढे म्हटलंय की काही पलटणींत ग्रेनेडियर, म्हणजे निवडक शिपाई, ओरडणं हा कमीपणा मानतात, म्हणून चाबकाचे फटके बसत असताना ते तोंडात गोळी धरून चावतात. नंतर १८९१ साली किपलिंगच्या द लाइट दॅट फेल्ड या कादंबरीत एक मित्र दुसऱ्याला म्हणतो की गोळीवर दात रोव, तू घाबरलायस असं त्यांना वाटू देऊ नकोस. वेदना चुकणार नाहीच, तर निदान तोंडातून आवाज काढायचा नाही, हा अर्थ दोन्हीकडे आहे. आज त्याला थोडी छटा अजून चढलीय, बरेच दिवस टाळत आलेली नकोशी गोष्ट शेवटी करून टाकणं. फी वाढवायची नव्हती पण शेवटी वाढवली, तिथे हे इडियम फिट्ट बसतं. १८५७ ची गोष्ट ऐकलेला मुलगा मात्र 'सोल्जर्स बिट द बुलेट अँड रिव्होल्टेड' लिहून मोकळा होतो, मी असे पेपर तपासलेत. तुम्ही विचारलं होतं ना काय बिघडतं, ते हे.

रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज म्हणजे मुसळधार पाऊस, त्याला फार वेळ देऊ नका. गवताने शाकारलेल्या छपरावर कुत्री-मांजरं झोपायची आणि पावसात घसरून पडायची, ही गोष्ट १९९९ च्या आसपास ईमेलवर फिरलेल्या 'सोळाव्या शतकातलं जीवन' अशा एका फॉरवर्डमधली आहे, त्याच मेलमध्ये सेव्ह्ड बाय द बेल म्हणजे पुरलेल्या माणसाने शवपेटीतून दोरी ओढून वाजवलेली घंटा असंही होतं. ती घंटा खरं तर बॉक्सिंगची, राउंड संपल्याची, मार खाणारा तेवढ्यात वाचला. कुत्र्यामांजरांच्या पावसाचं म्हणाल तर सतराव्या शतकाच्या मध्यापासून ते लिहिलेलं सापडतं, गंमत म्हणजे सुरुवातीला कुत्री आधी आणि मांजरं नंतर, एका नाटकात तर कुत्री आणि मुंगसासारखे दिसणारे पोलकॅट, आणि आजचा क्रम जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या पुस्तकात आहे. उगमाचा निकाल कोणीच लावलेला नाही. मुलांना एवढंच सांगा की इंग्लिश माणूस हे आता फारसं बोलत नाही, तो 'इट्स पोअरिंग' म्हणतो, इंटरव्ह्यूत इंप्रेशन मारायला हे वापरू नका.

वर्गात उपयोगी पडेल अशी एक गोष्ट माझ्याकडून घ्या. इडियम एबीसीडीच्या क्रमाने शिकवू नका, धंद्याप्रमाणे गट करा. शिडाच्या जहाजांचा गट सगळ्यात छान. थ्री शीट्स टु द विंड म्हणजे दारू पिऊन झिंगलेला, मुलांना वाटतं शीट म्हणजे चादर नाहीतर शीड, पण खलाशाच्या भाषेत शीट म्हणजे शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. असे तीन दोर सुटून वाऱ्यावर उडायला लागले तर जहाज कसं झोकांड्या खाईल ते फळ्यावर काढून दाखवा, पुन्हा सांगावं लागणार नाही. टेकन अबॅक म्हणजे वारा अचानक शिडाच्या पुढच्या बाजूने भरणं, शीड मागे डोलकाठीवर दाबलं जातं आणि चालतं जहाज जागच्या जागी अडतं, म्हणून या इडियममध्ये नुसतं आश्चर्य नाही, माणूस क्षणभर बोलायचा थांबला पाहिजे. बाय अँड लार्ज तर कोणाला इडियम वाटतच नाही. 'बाय द विंड' म्हणजे वाऱ्याच्या तोंडाकडे जमेल तितकं घुसून चालणं, 'लार्ज' म्हणजे वारा मागून घेऊन चालणं, दोन्ही तऱ्हांनी नीट चालतं ते जहाज एकंदरीत चांगलं, त्यातून 'एकंदरीत' हा अर्थ आला. मालवण, हर्णे, वसई अशा बंदरांकडची पोरं वर्गात असतील तर हा गट तीच तुम्हाला शिकवतील.

म्हणजे करायचं काय, तर तारीख बघा, भावंडं बघा, आणि गोष्टीतला मुद्दा आजच्या वापराशी जुळतो का ते बघा, आणि तिन्हीत नापास झालेली पण फार गोड गोष्ट असेल तर 'असं सांगतात' म्हणून सांगून टाका, वहीत लिहून देऊ नका.

राहिलं किक द बकेट. १७८५ च्या ग्रोसच्याच कोशात ते 'मरणे' म्हणून आहे, त्यामुळे जुनं आहे यात शंका नाही. बादली कुठली यावर दोन मतं आहेत. एक, गळफास घेणारा बादलीवर उभा राहून ती लाथेने उडवतो. दुसरं, इंग्लंडच्या नॉरफोककडच्या बोलीत बकेट म्हणजे मारलेलं डुक्कर उलटं टांगायचं लाकूड, आणि त्यावर जनावराचे पाय झाडले जायचे. मला दुसरं जास्त पटतं, कारण या इडियममध्ये आत्महत्येचा वासही नाही, कोणीही कशानेही मेला तरी म्हणतात, पण ठाम निकाल नाही, आणि खरं सांगायचं तर इथे उगमापेक्षा सूर शिकवणं जास्त गरजेचं आहे. 'टपकला', 'गचकला' म्हणतो तो सूर. गाइडमध्ये अर्थ नुसता 'टु डाय' छापलेला असतो, त्यामुळे मी एका मोठ्या माणसाच्या शोकसंदेशात, तोही लेटरहेडवर, 'अवर बिलव्हेड चेअरमन किक्ड द बकेट' असं वाचलेलं आहे. मुलांना तिथे पास्ड अवे लिहायला सांगा.